बाईंच्या बाजूचा गालिचा

जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस भर मे महिन्यात, बनियनवर, स्वयंपाकघराच्या दारात मांडी घालून बसलाय आणि उलट्या केलेल्या खुर्चीच्या पायांना पांढरी लोकर गुंडाळतोय, हे दृश्य शेजारच्या शालूबाईंनी पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात उसनी नेलेली साखरेची वाटी होती. उरलेल्या तिन्ही खुर्च्या तशाच पाय वर करून पडल्या होत्या. सगळीकडे दोऱ्या, कात्री, पुठ्ठ्याचे तुकडे.

"हे काय वो, दादा?" शालूबाईंनी विचारलं.

"काही नाही. जरा आवराआवर," वसंतराव सरनाईक म्हणाले.

शालूबाईंनी खुर्च्यांकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं, वाटी ओट्यावर ठेवली आणि एक अक्षर न बोलता निघून गेल्या. शालूबाई कुठून तरी न बोलता निघून गेल्या, असं कळंब्याच्या त्या अपार्टमेंटमध्ये इमारत बांधल्यापासून घडलेलं नव्हतं. वसंतरावांनी तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं. पण त्यांचं सगळं लक्ष गोंड्याची गाठ घट्ट बसते की नाही याच्यावर होतं, आणि गाठ काही बसत नव्हती.

गोंडा कशासाठी, तर गालिच्यासाठी. गालिचा कशासाठी, तर मीनाक्षीच्या पायांसाठी. आणि मीनाक्षीचे पाय सध्या होते कॅनडात, कॅलगरी नावाच्या गावात, मुलीच्या, म्हणजे भैरवीच्या घरी. भैरवीच्या बाळंतपणाला म्हणून ती दिवाळी उरकून गेली होती. नातू झाला, बारसं झालं, नातू पालथा पडायला लागला, आणि आता तो रांगायला लागणार म्हणून मुक्काम वाढवायची भाषा सुरू झाली होती.

"भैरवी म्हणत्येय, दिवाळीपर्यंत राहा. अर्ज केला तर राहता येतंय म्हणे," मीनाक्षी एका सकाळी व्हिडिओ कॉलवर म्हणाली. इथली सकाळ म्हणजे तिथली आदली रात्र. "काय करू?"

"राहा की," वसंतराव म्हणाले. "इथं काय अडलंय?"

इथं तसं काहीच अडलं नव्हतं. जेवणाचा डबा वेळेवर येत होता. धुणंभांडी होत होती. फक्त रंकाळ्यावरचा भेळवाला रोज संध्याकाळी "बाई कधी येणार?" असं विचारायचा, म्हणून वसंतरावांनी रंकाळ्यावर जायचं बंद करून उलट्या दिशेला, जिथं बघण्यासारखं काहीही नाही अशा रस्त्याला फिरायला सुरुवात केली होती. टीव्ही ते मुद्दाम मोठ्यानं लावत. आतल्या खोलीतून "जरा कमी करा" असा आवाज येत नाही म्हटल्यावर बातम्यांत मन लागत नसे, मग बंद करत. पण याला काही कोणी 'अडलंय' म्हणणार नाही. निदान खात्यात तरी असा शेरा कोणी मारला नसता.

त्याच कॉलमध्ये मीनाक्षीनं पुढचं वाक्य उच्चारलं. "इथं पलंगाशेजारी काय मऊ गालिचा आहे म्हणून सांगू. नुसते लोकरीचे गोंडे गोंडे. सकाळी पाय खाली सोडला की ढगात पडल्यागत वाटतंय. आपल्या फरशीची सवयच गेली बघा."

ती हसत होती. तिला आणखी काहीही म्हणायचं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर वसंतराव बराच वेळ त्या वाक्यापाशी थांबले. आज फरशीची सवय गेली. उद्या इथल्या पाण्याची जाईल. मग चहाची, मग उकाड्याची, आणि अशी एकेक सवय जात जात त्या ओळीत आपला नंबर कुठं लागतो, हे काही त्यांना नीट सांगता येईना. पस्तीस वर्षांच्या संसारात 'मला करमत नाही' हे वाक्य ते कधी बोलले नव्हते. त्यांच्या घराण्यातही कोणी बोललं नव्हतं. तेव्हा त्यांनी अभियंत्याला सुचेल तो मार्ग काढला. मीनाक्षीच्या बाजूला, पलंगाला लागून, तिथल्यापेक्षा मऊ गालिचा आपण स्वतः करायचा. विकतचा नाही. विकतचा तिथंही आहे.

इंटरनेटवर एक मुलगी हसत हसत असा गालिचा करून दाखवत होती. दोन हात आणि लोकर एवढं असलं की झालं, असं तिचं म्हणणं. वसंतरावांकडे हात दोन होते. लोकर आणायला ते महाद्वार रोडला गेले.

"उन्हाळ्यात लोकर?" दुकानदारानं माळ्यावरून खोकी काढता काढता विचारलं. "बाळासाठी काय विणायचं चाललंय?"

"नाही. गोंडे करायचेत."

"बैलांचं व्हय. बेंदूर आलाच की, बैलं सजवायला पायजेत."

"बैलांचे नाहीत."

"मग चपलांचं?"

"चपलांचे नाहीत. जमिनीवर ठेवायचे गोंडे."

दुकानदारानं त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. निवृत्त माणसाचा एखादा जोडधंदा असतो आणि चारचौघांत त्याची चर्चा त्याला नको असते, एवढं दुकानदार ओळखून होता. त्यानं लोकर पोत्यात भरून दिली. संध्याकाळी त्यानं गारगोटीकडच्या आपल्या मेव्हण्याला, जोतीरामला, फोन करून एवढंच सांगितलं की कळंब्यात एक साहेब एक नंबर गोंडे बनवतात, आणि एका वेळेला पोतंभर लोकर नेतात.

पहिला गोंडा वसंतरावांनी त्या मुलीनं दाखवल्याप्रमाणे दोन बोटांवर गुंडाळला. बोटं निळी पडली. कात्रीनं कापून लोकर सोडवली तेव्हा गोंड्याऐवजी मूठभर धागे हातात आले आणि पंख्याच्या वाऱ्यानं घरभर गेले. दुसरा गोंडा पुठ्ठ्यावर केला. तो गोल व्हायच्या ऐवजी एका बाजूनं चेपलेला झाला, म्हणजे सुनेनं केलेला पहिला लाडू जसा सासू उचलून बघते आणि परत ताटात ठेवते, तसा. मग खुर्चीची युक्ती कळली. खुर्ची उलटी करायची, दोन पायांभोवती लोकर गुंडाळत राहायची, मधेमधे दोऱ्यानं आवळायची आणि आवळलेल्या दोन जागांच्या मध्ये कापायचं. एका फटक्यात रांगेनं गोंडे. या कामात ठेकेदारी करण्याजोगी शक्यता आहे असं वसंतरावांना पहिल्यांदाच वाटलं आणि त्यांनी उरलेल्या तिन्ही खुर्च्याही उलट्या केल्या.

आता जेवायला उभं राहूनच लागत होतं. लोकरीचे बारीक धागे आमटीत उतरत, दाढीच्या साबणाला चिकटत, आणि मिशीत तर इतके जात की रोज सकाळी कॉलच्या आधी वसंतराव मिशी कंगव्यानं विंचरत. तरी एकदा मीनाक्षीला दिसलंच.

"तुमच्या कानात काय आहे?"

"कुठं काय?"

"पांढरं. कापूस घातलाय का? कान दुखतोय का?"

"थोडा," वसंतराव म्हणाले.

मग तिनं दहा मिनिटं कानात कोमट तेल कसं घालायचं ते सांगितलं. वसंतराव नुसतं ऐकत राहिले. कान दुखत नव्हता याची त्यांना खंत वाटली.

गोंडे झाले, पण ते बांधायचे कशाला, हा प्रश्न पुढं उभा राहिला. पुलाला पाया लागतो तसं गालिच्याला खाली जाळीचं काहीतरी लागतं. डासांच्या जाळीची छिद्रं इतकी बारीक की सुईसुद्धा अडकली. मग त्यांनी मार्केट यार्डातून एक गुळाचं पोतं आणलं. पोतं मजबूत होतं. दोन दिवस बसून त्यांनी त्याच्यावर अर्धा गालिचा बांधून काढला आणि मोठ्या समाधानानं पलंगाशेजारी अंथरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा गालिचा तांबडा दिसायला लागला, आणि तो हलत होता. मुंग्यांना गूळ सापडला होता. नुसता सापडला नव्हता तर त्यांनी पलंगावर मीनाक्षीच्या उशीपर्यंत रांग लावून वस्तीची सोय केली होती. वसंतरावांनी सगळं गॅलरीत नेऊन बादलीत बुडवलं. लोकर सुटली, मोरीत गेली, मोरीतून पाइपात गेली, आणि दुपारी खालच्या मजल्यावर पाणी तुंबलं.

म्हणून आण्णा वर आले.

आण्णा त्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी. कोर्टात बेलिफ होते, त्यामुळे कुणाच्याही दारात उभं राहिलं की त्यांचा चेहरा आपोआप नोटीस बजावल्यासारखा व्हायचा. ते पेठेतल्या एका तालीम मंडळाचेही सचिव होते, आणि त्या मंडळाचा फुटबॉल संघ हा त्यांच्या आयुष्यातला खरा विषय होता.

"सरनाईक," आण्णा म्हणाले, "पाइपातनं लोकर निघाली. तुमी मेंढरं पाळलायसा काय?"

वसंतरावांनी दार लावलं, त्यांना आत बसवलं. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून पलंगावर बसवलं. आणि कुणालाही सांगायचं नाही असं वचन घेऊन सगळी हकिगत सांगितली. अर्थात करमत नाही वगैरे भाग वगळून. तांत्रिक भाग तेवढा सांगितला.

आण्णांनी एक गोंडा उचलून हातात तोलला. "तुमाला गोलची जाळी पायजे," ते म्हणाले. "नायलॉनची. मुंगी लागत न्हाई, पाण्यानं कुजत न्हाई. आमच्या तालमीत एक जुनी पडून हाय."

"मग द्या की."

"तसं कसं? मंडळाची मालमत्ता हाय. अर्ज द्या. कमिटीत घेतो."

एका फाटक्या जाळीसाठी अर्ज करणं वसंतरावांना अपमानास्पद वाटलं, पण आयुष्यभर लोकांकडून असे अर्ज त्यांनीच घेतले असल्यामुळे नाही म्हणता येईना. त्यांनी अर्ज केला. कारण या जागी 'वैयक्तिक' लिहिलं, तो परत आला. 'गृहोपयोगी' लिहिलं, तोही परत आला, कारण गृहात जाळीचा काय उपयोग, अशी शंका खजिनदारांनी काढली होती. शेवटी तुम्ही स्वतःच मीटिंगला या, असा निरोप आला.

तालमीत मंडळी सतरंजीवर बसली होती. मधोमध जाळी. वसंतरावांना वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम. पण जाळी साधी नव्हती. याच जाळीत फायनलचा गोल गेला होता. शेवटच्या मिनिटाला, डाव्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा अजूनही जरा फाटलेला होता. त्या फाटण्याबद्दल तिथं दोन मतं होती आणि दोन्ही मतं मोठ्या आवाजाची होती. ती संपेपर्यंत चहा दोनदा झाला.

मग जाळी गालिच्यासाठी हवी हे वसंतरावांना सांगावंच लागलं, आणि खजिनदार म्हणाले, "ते सगळं खरं. पण गालिचा म्हटल्यावर त्याच्यावर पाय ठेवणार. आमच्या जाळीवर पाय ठेवणार कोण, ते आदी कळू दे."

सगळ्यांच्या नजरा वसंतरावांकडे. पस्तीस वर्षांत चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "आमच्या घरातनं," ते म्हणाले. "मीनाक्षी. महापालिकेच्या शाळेत होती."

"सरनाईक बाई?" कोपऱ्यातून एक जाडजूड माणूस उठून उभाच राहिला. "तुमी आमच्या बाईंचं मालक व्हय?"

मग एकेक निघाले. सतरंजीवरच्या निम्म्या लोकांना बाईंनी पाढे शिकवले होते. खजिनदारांना तर त्या दुसरीत एकोणिसाचा पाढा येईना म्हणून वर्गाबाहेर उभं करत आणि मग स्वतःच्या डब्यातली पोळी बाहेर नेऊन देत. बाई कुठं असतात, कशा आहेत, गुडघे दुखतात का, इथं कधी येणार, असे प्रश्न चहूबाजूंनी आले. वसंतरावांना एवढंच ठाऊक होतं की त्या दिवाळीपर्यंत येणार नाहीत. ते त्यांनी सांगितलं.

"बाईंचा पाय पडत आसंल तर काय हरकत न्हाई," खजिनदार म्हणाले. ठराव एकमतानं झाला. फक्त एक अट घालण्यात आली की गालिच्याला कडेनं मंडळाचा हिरवा-पिवळा रंग असावा.

वसंतरावांच्या डोळ्यांसमोर ढगासारखा पांढराशुभ्र गालिचा होता. हिरवी-पिवळी कड असलेला ढग त्यांनी पाहिलेला नव्हता. पण जाळी हवी होती. ते परत महाद्वार रोडला गेले. हिरवी आणि पिवळी लोकर मागितल्यावर दुकानदाराची बैलांबद्दलची खात्री पक्की झाली.

इकडे शालूबाईंचं काम थांबलं नव्हतं. उलट्या खुर्च्या, दोऱ्या, 'आवराआवर'. शिवाय मिशीत धागे अडकवून एकटेच उभ्याउभ्या जेवणारे दादा. त्यांनी आण्णांना जिन्यात गाठलं. "सरनाईकांनी फ्लॅट विकायचा दाखला मागितला काय?"

दिलेल्या वचनाला जागणारे आण्णा म्हणाले, "त्या विषयावर मला बोलायची परवानगी न्हाई."

एवढं पुरेसं होतं. शालूबाईंनी त्या रात्री... म्हणजे कॅनडातल्या सकाळी, मीनाक्षीला निरोप पाठवला की बाई, तुमच्या कानावर असेलच, पण घर विकून दादा तिकडंच यायलेत म्हणून बरं वाटलं, आम्हाला मात्र शेजार राहिला नाही.

गालिचा पुरा झाला तोही त्याच दिवशी, बेंदराच्या आदल्या आठवड्यात. वसंतरावांनी तो बैठकीच्या खोलीत अंथरला. जाळीची भोकं मोठी म्हणून गोंडेही मोसंबीएवढे करावे लागले होते. मधे पांढरा, कडेनं हिरवा-पिवळा, आणि एका कोपऱ्यात जाळी फाटली होती तिथं जरा दाट. लांबून पाहिलं तर तो खरंच बरा दिसत होता. वसंतरावांनी त्याच्यावर पाय ठेवला नाही. तो जिच्यासाठी केला तिच्याआधी आपण पाय ठेवणं त्यांना बरोबर वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आण्णा आले. जाळीचा मान नीट राखला आहे का, हे बघायला कमिटीनं पाठवलं होतं. बरोबर खजिनदार. ते गालिच्याभोवती गुडघे टेकून फाटका कोपरा शोधत असताना दारात आणखी एक माणूस आला. डोक्याला पटका, हातात पिशवी.

"सायेब हायत काय? मी जोतीराम. गारगोटीस्नं आलोय."

"कशासाठी?"

"गोंड्यांसाठी, पावणं. माझी खिलारी जोडी हाय. दाजी म्हनलं, असलं गोंडं जिल्ह्यात न्हाईत." त्यानं गालिचा पाहिला आणि त्याचा आवाज खाली आला. "एवढं? तुमची किती बैलं हायत?"

आपल्या कामाची बैलांशी सांगड घातली गेली याचं दुःख करायला वसंतरावांना सवड मिळाली नाही, कारण शालूबाई पोह्यांची ताटली घेऊन आत आल्या. गर्दी बघून त्यांनी 'गिऱ्हाईकं आली वाटतं' असा चेहरा केला. आणि तेवढ्यात फोन वाजला. वसंतरावांच्या दोन्ही हातांत गोंडे होते. फोन शालूबाईंनीच उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

पडद्यावर मीनाक्षी. डोळे सुजलेले.

"घर विकताय म्हणे," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"मला न विचारता. माझं घर." तिची नजर त्यांच्या मागं गेली. चार खुर्च्या पाय वर करून. दोऱ्या. गुडघ्यांवर रांगत जमीन तपासणारे दोन गृहस्थ. "ही माणसं कोण आहेत?"

वसंतराव काही बोलणार, तेवढ्यात जोतीरामनं पुढं होऊन पडद्याला नमस्कार केला. "मी गिऱ्हाईक हाय, बाई. सायेब द्यायला तयार न्हाईत. तुमी जरा सांगा त्यास्नी."

मीनाक्षी रडायला लागली. मोठ्यानं नाही. वर्गात कोणी बघू नये म्हणून फळ्याकडं तोंड करून रडावं, तशी मान वळवून. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. खजिनदार उभे राहिले, त्यांना काय करावं कळेना, त्यांनी हाताची घडी घातली.

"अगं, घर नाही," वसंतराव म्हणाले. "गालिचा आहे. लोकरीचा. तू म्हणालीस ना, तिथं गोंड्यांचा गालिचा आहे, पाय ढगात पडतो. आपल्या फरशीची सवय गेली म्हणालीस. म्हणून मी..." ते थांबले. खोलीत आण्णा होते, खजिनदार होते, शालूबाई होत्या आणि गारगोटीचा एक अनोळखी माणूस होता. असल्या गोष्टी बोलायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. "तुला इथं पाय ठेवावासा वाटावा म्हणून केला. खुर्च्या त्याच्यासाठी उलट्या आहेत. मला करमत नाही, मीनाक्षी."

शालूबाईंचा फोन धरलेला हात जरा खाली आला, त्यामुळे मीनाक्षीला आता फक्त वसंतरावांचं पोट आणि गालिचा दिसत होता.

"तुम्ही दर वेळी राहा म्हणता," ती म्हणाली. "मी विचारते, काय करू, आणि तुम्ही म्हणता, राहा की. मला वाटलं, तुम्हाला एकट्याची सवय झाली. मग म्हटलं, मी तरी येऊन काय करू."

"मी आपलं तुला बरं वाटावं म्हणून."

"एवढं एक वाक्य बोलायला एवढी लोकर लागली होय तुम्हाला?"

"या की आता, बाई," जोतीराम शालूबाईंचा फोनचा हात परत वर करत मधेच म्हणाला. "मानसाचं हाल चाललंय हितं. मिशीत बगा लोकर."

मीनाक्षीनं नाक पुसलं. मग ओळखून म्हणाली, "तो मागं हाताची घडी घालून उभा आहे, तो एकोणिसाचा पाढा ना?"

"व्हय, बाई," खजिनदार म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

जोतीरामला शेवटी चार गोंडे मिळाले. उरलेल्या हिरव्या-पिवळ्या लोकरीचे वसंतरावांनी स्वतः बसून करून दिले, आणि खरं सांगायचं तर गालिच्यावरच्या सगळ्या गोंड्यांपेक्षा ते जास्त गोल झाले. शालूबाईंनी घर विकण्याची बातमी जशी पसरवली होती तशीच मागे घेतली, फक्त मागे घेताना तिच्यात 'दादा फोनवर काय म्हणाले' हे घातलं. त्यामुळे पुढचे काही दिवस वसंतराव जिन्यातून मान खाली घालून जात. बायका त्यांच्याकडे बघून हसत होत्या, पण ते हसणं वाईट नव्हतं, असं त्यांना पुढं पुढं जाणवायला लागलं. ते परत रंकाळ्यावर जायला लागले. भेळवाल्यानं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "येत्येय."

तिकीट मिळायला वेळ लागला. भैरवी दोन दिवस रुसली, मग तिनंच तिकीट काढलं. मधल्या काळात गालिचा पलंगाशेजारी, मीनाक्षीच्या बाजूला, जुन्या चादरीखाली झाकून होता. वसंतराव रोज चादर झटकत. स्वतः आपल्या बाजूनं उतरत.

मीनाक्षी आली त्या दिवशी जिना भरून माणसं होती. तालमीनं हार आणला होता. खजिनदारांनी सगळ्यांदेखत एकोणिसाचा पाढा म्हणून दाखवला आणि तो एकोणीस सत्तेपर्यंत बरोबर आला. शालूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. सगळी मंडळी पांगायला दुपार झाली.

मग घरात दोघंच उरली. मीनाक्षी आतल्या खोलीत गेली. वसंतरावांनी चादर उचलली आणि बाजूला उभे राहिले, जसे पूर्वी पुलाच्या पाहणीला वरचे साहेब आले की उभे राहत. ती पलंगाच्या कडेला बसली. घरातल्या चपला काढल्या. पाय सोडले. हिरव्या-पिवळ्या कडेच्या आत, पांढऱ्यात, घोट्यापर्यंत पाय गेले. तिनं वर बघितलं.

"तुम्ही ठेवून बघितलात पाय?"

"नाही. तुझा आहे."

"बसा इथं."

वसंतराव तिच्या शेजारी बसले. या बाजूनं खिडकी दिसते हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. त्यांनी पाय खाली सोडले. वरवर लोकर मऊ होती, पण आत नायलॉनच्या जाळीच्या गाठी होत्या, आणि वसंतरावांनी त्या पुलाच्या मजबुतीनं मारल्या होत्या. दोन्ही तळव्यांना त्या चांगल्याच लागत होत्या.

"टोचतंय," वसंतराव म्हणाले.

"टोचतंय खरं," मीनाक्षी म्हणाली.

दोघांपैकी कोणीच पाय उचलला नाही.